कोल्ड लेझरने ‘इम्युनिटी वाढते’ की सूज उतरते? (आईच्या गुडघ्यावरून डोक्यात गेलेला विषय)

पेठेतला पोपट
मंडळी, आईचे गुडघे दोन महिने बोंबलतायत, वय ६८, एक्सरेत झीज, उजवा जास्त. ओळखीतून एका फिजिओथेरपी क्लिनिकचं नाव कळलं (नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको), तिथे तिला ‘कोल्ड लेझर’चं (कमी ताकदीचा, गरम न लागणारा लेझर प्रकाश) १२ सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं, ९,६०० रुपये आगाऊ. भिंतीवर हे मोठं पोस्टर: पेशी चार्ज करतो, इम्युनिटी वाढवतो, सूज मुळापासून घालवतो, साइड इफेक्ट शून्य.

माझं मत सरळ सांगतो. ‘इम्युनिटी वाढवतो’ आणि ‘सूज घालवतो’ हे एका दमात लिहिणाऱ्याला दोन्हीतलं काही कळलेलं नाही. अहो सूज म्हणजेच इम्युनिटीचं काम चालू असणं ना? पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, रसायनं सोडतात, बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी झिरपतं, म्हणून तर जागा लाल, गरम आणि ठणकणारी होते. मग इम्युनिटी वाढवलीत तर आईचा गुडघा अजून टम्म व्हायला पाहिजे.

लेझर सगळाच भोंदूपणा आहे असं मात्र मी म्हणत नाहीये. थोडं वाचलं. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यावर रुबी लेझर मारत होते, लेझरने कॅन्सर होतो का ते बघायला. कॅन्सर झाला नाही, उलट लेझरवाल्या उंदरांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले. तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे कमी ताकदीचा प्रकाश पेशींना काहीतरी करतो हे खरं दिसतंय, फक्त आपल्याकडे विकलं जातंय ते तेच आहे का याची शंका आहे. मशीन किती ज्यूल (म्हणजे प्रकाशाची किती ऊर्जा) देतं हे जो सांगत नाही त्याला एक रुपया देऊ नये असं माझं म्हणणं. बोला.

शंकासूर
पोपटराव, तुम्ही फारच सभ्यपणे लिहिलंय. लाल दिवा, पांढरा कोट, काळा गॉगल आणि ९,६०० रुपये, एवढ्यावर माझाही गुडघा बरा होईल. गुडघ्याचं दुखणं तसंही वरखाली होत असतं, माणूस डॉक्टरकडे जातो ते जास्तीत जास्त दुखताना, त्यानंतर आठवड्याभरात काहीही केलं तरी थोडं उतरतंच, श्रेय कोणाला तर लेझरला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट लिहिलंय की टेन्स (कातडीवरून विजेचे हलके झटके), अल्ट्रासाउंड, लेझर वगैरे वीजेचे प्रकार देऊ नका. विषय संपला.

फिजिओ सातारकर
विषय संपला म्हणे! मी गेली अकरा वर्षं हे मशीन वापरतोय आणि पोस्टर लावणाऱ्यांचा मलाही तुमच्याइतकाच राग येतो, पण म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. लेझरच्या अभ्यासात सगळ्यात मोठा घोळ आहे डोसचा. कोणी एका बिंदूला अर्धा ज्यूल देतो, कोणी सहा देतो, कोणी लाल प्रकाश वापरतो, कोणी इन्फ्रारेड, आणि मग सगळं एकाच पातेल्यात ढवळून सरासरी काढायची आणि म्हणायचं की परिणाम नाही. पॅरासिटामॉलची चतकोर गोळी दिलेले पेशंट आणि पूर्ण दिलेले पेशंट एकत्र मोजाल का तुम्ही? २०१९ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या २२ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, हजाराच्या वर पेशंट. त्यांनी शिफारस केलेला डोस आणि कमी डोस असे दोन ढीग वेगळे केले. पुरेसा डोस मिळालेल्यांत दुखणं खोट्या लेझरपेक्षा चांगलं कमी झालं, कमी डोसवाल्यांत फारसं काही नाही. खोट्या लेझरपेक्षा, लक्षात घ्या. इन्फ्रारेड डोळ्याला दिसतच नाही त्यामुळे मशीन चालू की बंद हे पेशंटला कळत नाही, तुमचा लाल दिव्याचा मुद्दा तिथे लागूच होत नाही.

आणि दाहाचा थेट पुरावा हवा असेल तर नॉर्वेच्या संशोधकांचा २००६ चा प्रयोग बघा. टाचेच्या वरची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी), अकिलिस, ती दोन्ही पायांत सुजलेले पेशंट. शिरेजवळ बारीक नळी घालून तिथला द्रव काढत राहिले आणि त्यातलं प्रोस्टाग्लँडिन ई२ मोजलं, म्हणजे तेच रसायन जे कमी करायला आपण ब्रुफेन खातो. ९०४ नॅनोमीटरचा (हा आकडा प्रकाशाच्या लहरीची लांबी, हा इन्फ्रारेड) लेझर दिल्यावर ते उतरलं.

शंकासूर
किती पेशंट होते ते लिहायचं राहिलं वाटतं?

फिजिओ सातारकर
सात. शिरा चौदा. एका पायाला खरा लेझर आणि दुसऱ्याला खोटा, त्यामुळे तुलना त्याच माणसात. लपवत नव्हतो.

शंकासूर
सात माणसं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त येतात हो, आणि तिथेही कोरम होत नाही.

पेशीवाली
धागा वाचून राहवलं नाही. मी मॅक्रोफेजवर (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काम करते, लेझरवर नाही, त्यामुळे माझा कुठल्याच बाजूला हिस्सा नाही. पोपटरावांचा ‘सूज म्हणजेच इम्युनिटी’ हा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण इम्युनिटी म्हणजे पंख्याचं रेग्युलेटर नाही, फक्त वाढवा किंवा कमी करा असं नसतं.

आधी प्रकाश पेशीत काय करतो त्याबद्दल. मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एंझाइम असतं, ते लाल आणि इन्फ्रारेडजवळचा प्रकाश शोषून घेतं. रशियाच्या तीना कारू यांनी ही कल्पना बरीच वर्षं लावून धरली. ताणातल्या पेशीत या एंझाइमवर नायट्रिक ऑक्साइड जाऊन बसतं आणि काम अडवतं, प्रकाशाने ते उठतं, मग एटीपी (पेशीचं इंधन) वाढतो, सोबत ऑक्सिजनचे तिखट रेणू थोडे सुटतात, आणि त्या थोड्या तिखटानेच पेशीला निरोप जातो की काहीतरी कर. ऐकायला छान आहे. पण २०१९ मध्ये एका गटाने हे एंझाइमच नसलेल्या पेशी घेतल्या आणि ६६० नॅनोमीटरचा प्रकाश दिला तरी त्या वाढल्याच. म्हणजे दरवाजा हा एकच नाही. ‘पेशी चार्ज होते’ म्हणून मोबाइलचं चित्र काढणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

आता पांढऱ्या पेशींची गंमत. एनएफ-कप्पा-बी म्हणून पेशीतला एक स्विच आहे, तो चालू झाला की दाहाची रसायनं बनायला लागतात. शांत बसलेल्या साध्या पेशीवर लेझर मारला तर हा स्विच चालू होतो. आधीच पेटलेल्या मॅक्रोफेजवर मारला तर तोच स्विच मंदावतो, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ सारखी रसायनं कमी निघतात. प्रकाश तोच, पेशीची अवस्था वेगळी, परिणाम उलटा. शिवाय मॅक्रोफेजचे ढोबळ दोन स्वभाव असतात, एम१ म्हणजे मोडतोड करणारे आणि एम२ म्हणजे डागडुजी करणारे, आणि बऱ्याच प्रयोगांत प्रकाश मिळालेल्या पेशी एम१ कडून एम२ कडे झुकताना दिसतात. त्यामुळे ‘इम्युनिटी वाढवतो’ चुकीचं आणि ‘इम्युनिटी दाबतो’ पण चुकीचं. स्टेरॉइड सरसकट दाबतं, तसं हे नाही.

पण (आणि फिजिओसाहेब, हे तुमच्यासाठी) हे प्रयोग कसे होतात ते डोळ्यासमोर आणा. बशीच्या तळाला उंदराच्या पेशींचा एक थर, वर गुलाबी द्रव काही मिलिमीटर, त्यात जिवाणूच्या कवचाचा तुकडा टाकून पेशींना भडकवायचं, वरून अगदी अंगावर प्रकाश धरायचा, आणि काही तासांनी द्रवातलं टीएनएफ मोजायचं. तिथे ना कातडी, ना चरबी, ना वाटी, ना रक्त. या बशीवरून पोपटरावांच्या आईच्या गुडघ्यात उडी मारताना मधे बरीच मोठी दरी आहे.

पेठेतला पोपट
ताई, हे वाचून निम्मा राग उतरला. म्हणजे सूज घालवतो हे निदान बशीत तरी खरं. पण प्रकाश गुडघ्यात शिरतो तरी का? की वरच्या वर चामडी गरम करून परत?

फिजिओ सातारकर
शिरतो की. कोविडमध्ये घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसला होतात ना? त्यात हेच दोन प्रकाश असतात, ६६० आणि ९४० च्या आसपास, बोटाच्या एका बाजूने टाकायचे आणि दुसऱ्या बाजूला मोजायचे. आरपार जातात म्हणूनच तर आकडा दिसतो. लहानपणी टॉर्चवर हात धरला की बोटं लाल दिसायची, तेच. गुडघ्यात वाटीच्या दोन्ही बाजूंना, सांध्याच्या फटीवर प्रोब (मशीनचं प्रकाश देणारं टोक) टेकवायचा, नुसता हवेत धरून फिरवायचा नाही, दाबून टेकवायचा, म्हणजे खालचं रक्त बाजूला सरतं आणि प्रकाश आत जातो. मॉपसारखा फिरवत बसणारे दिसले की समजा कोणी शिकवलेलं नाही. आणि गरम लागायला नको, म्हणून तर कोल्ड म्हणतात.

शंकासूर
बोट सेंटिमीटरभर जाड आणि पलीकडे निघतो तो प्रकाशाचा चिमूटभर भाग, तेवढ्याने आकडा मोजता येतो, उपचार होतो हे कुठून आणलंत? आणि ऑक्सिमीटरचंच उदाहरण घेतलंत तर सावळ्या कातडीवर तो चुकतो हेही सांगा, मेलॅनिन वाटेतच प्रकाश गिळतं. नॉर्वेजियन माणसाचा डोस सोलापूरच्या माणसाला कसा लागू पडेल?

पेशीवाली
हा प्रश्न मात्र अगदी बरोबर, आणि याचा विचार कमी झालाय. लाल प्रकाशाला मेलॅनिन जास्त अडवतं, ८०० च्या पुढच्याला त्यामानाने कमी. आणि डोसची अजून एक खोड आहे, कमी दिला तर काही नाही, मधला दिला तर परिणाम, जास्त दिला तर परिणाम गायब किंवा उलटा. भातात मिठासारखं. त्यामुळे ‘आज दुप्पट वेळ देऊ या’ हे दुप्पट चांगलं नसतं.

बारक्या नागपूर
आमच्याकडे मे महिन्यात ४६ डिग्रीत लाल बी भेटते अन् इन्फ्रारेड बी भेटते, फुकट, तेबी दिवसभर. तरी माह्या काकाचा गुडघा काही बरा नाही झाला बापा.

पेशीवाली
बारक्याभाऊ, चेष्टेत लिहिलंत पण प्रश्न खरा आहे. उन्हात हे प्रकाश असतातच, फक्त सोबत अल्ट्राव्हायोलेट आणि उष्णता पण असते. आणि लेझरच लागतो असंही नाही, साध्या एलईडीने पण पेशींवर परिणाम दिसलेत, पेशीला लेझरचं सर्टिफिकेट वाचता येत नाही. लेझर हा शब्द महाग विकला जातो एवढंच.

माउलीचा टाळ
मी इथे फक्त वाचतो, आज लिहितोय. माझे वडील, तंबाखू चाळीस वर्षं, डाव्या गालात कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली कातडी सोलवटते, पांढरे चट्टे, थुंकी गिळता येत नाही, पाण्याचा घोट म्हणजे काचा. त्याला म्युकोसायटिस म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या काकांना नाकात नळी घालावी लागली आणि रेडिएशन आठ दिवस थांबलं.

आमच्या वडिलांना पहिल्या दिवसापासून, तोंड यायच्या आधीच, रोज रेडिएशनच्या अगोदर तोंडात लेझर द्यायचे. डोळ्याला गॉगल, पेनासारखा प्रोब, त्यावर स्वच्छ प्लास्टिक, गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेच्या कडेला एकेका जागी काही सेकंद. ऑपरेशनच्या जागेवर देत नव्हते, विचारलं तर म्हणाले गाठीच्या जागी थेट मारत नाही आम्ही. वडिलांचं तोंड आलं, नाही असं नाही, पण ते शेवटपर्यंत मऊ भात आणि ताक तोंडाने घेत होते. लेझरमुळे की नशिबाने, मला सांगता येणार नाही. पण शंकासूर, तुमची ‘लाल दिवा, पांढरा कोट’ ही थट्टा मला लागली.

शंकासूर
माफ करा दादा, मनापासून. तुमच्या वडिलांवर नव्हती ती.

फिजिओ सातारकर
आणि शंकासूर, ज्या नाइसचा दाखला तुम्ही दिलात, त्याच नाइसने २०१८ मध्ये रेडिएशन आणि किमोने येणाऱ्या तोंडासाठी हा उपचार वापरायला पुरेसा पुरावा आहे असं म्हटलंय. कॅन्सरच्या सहाय्यक उपचारांचं बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२० च्या शिफारशींत डोके-मान रेडिएशन आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांट, दोन्हीत तोंड येऊ नये म्हणून याची शिफारस केलीये. आपल्या मणिपालमधूनच २००६ साली हेलियम-निऑन लेझरवर अभ्यास आलाय, याच प्रकारच्या पेशंटवर. हा परदेशी फॅडबिड नाही, आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर इतके की याची सगळ्यात जास्त गरजच आपल्याला.

शंकासूर
तोंडाचं मान्य. खरंच मान्य, शिफारशी वाचल्या आत्ता. पण त्यातही माझा मुद्दा बघा ना, तिथे प्रकाश आणि पेशी यांच्यात काही नाहीच, ओली पातळ कातडी, जवळपास ताईंच्या बशीसारखीच. म्हणून तिथे काम करतं. तोंडातलं यश दाखवून गुडघ्याचं पॅकेज विकू नका एवढंच. आणि एक विचारतो, पेशींना वाढवणारा प्रकाश कॅन्सरच्या पेशंटला देणं ही भीती नाही वाटत कोणाला?

पेशीवाली
वाटते, म्हणूनच गाठीवर थेट देत नाहीत. ब्राझीलमधल्या एका चाचणीतले ९४ पेशंट पुढे तीनेक वर्षं तपासत राहिले, लेझर मिळालेल्यांचं त्यामुळे वाईट झालेलं दिसलं नाही. आकडा छोटा आहे, त्यामुळे निर्धास्त कोणी राहू नये. घरी ऑनलाइन मागवलेला लाल टॉर्च कोणाच्या मानेच्या गाठीवर धरायचा विचार असेल तर कृपा करून नको.

थायरॉइडवाल्या काकू
माझं हाशिमोटो (थायरॉइडचा आजार) आहे, गेली नऊ वर्षं गोळी. बहिणीने व्हॉट्सअॅपवर पाठवलं की गळ्यावर लेझर घेतला की गोळी सुटते, अँटिबॉडी उतरतात. खरं का?

पेशीवाली
काकू, ते हवेतून आलेलं नाही. साओ पाउलोमध्ये ४३ पेशंटवर २०१३ ची चाचणी आहे, ८३० नॅनोमीटरचा लेझर, दहा वेळा, आणि लेझरवाल्यांना नंतर गोळीचा डोस कमी लागला, अँटिबॉडीचा एक प्रकारही उतरला. इम्युनिटी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटली असेल तिथे असं दिसणं हे मला तरी या सगळ्या विषयातलं सगळ्यात कुतूहलाचं वाटतं. पण ही एकाच गटाची चाचणी, ४३ माणसं. गोळी स्वतःहून बंद करू नका, बहिणीला माझा नमस्कार सांगा.

पेठेतला पोपट
बरं, आता खरी बातमी. आज आईसोबत गेलो आणि मशीनच्या मागचं स्टिकर वाचलं, मोबाइलचा टॉर्च लावून, मशीन चालवणारी मुलगी बघत होती मी काय करतोय ते. लिहिलंय: ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॅट. एका जागेला एक मिनिट, गुडघ्याला सहा जागा. आणि हो, प्रोब बोटभर लांब हवेतच धरते ती. सातारकर, काय म्हणता?

फिजिओ सातारकर
(डोक्याला हात.) हिशोब करा. ५ मिलिवॅट म्हणजे सेकंदाला ०.००५ ज्यूल, एक मिनिटात ०.३ ज्यूल. वॉल्ट नावाची या उपचाराची जागतिक संघटना आहे, तिच्या तक्त्यात ७८० ते ८६० च्या लेझरला गुडघ्यात एका बिंदूला किमान ४ ज्यूल. तुमच्या आईंना तेवढे द्यायचे तर एका जागेला तेरा मिनिटं वीस सेकंद बसावं लागेल, सहा जागांना ऐंशी मिनिटं. माझं २०० मिलिवॅटचं मशीन तेच काम एका जागेला वीस सेकंदांत करतं. त्यातून ६५० लाल, कातडीच्या जखमेला ठीक, सांध्याला नाही. त्यातून हवेत धरलेला. पोपटराव, तुमच्या आईंना लेझर मिळालाच नाही. प्रेझेंटेशनला भिंतीवर ठिपका पाडायचा पॉइंटर असतो ना, त्याच ताकदीचा आहे हा.

शंकासूर
आता आपण दोघं एका बाजूला आलो बघा सातारकर, पेढे वाटायला हवेत. पण पोपटराव, एक सांगा, आईंना फरक आहे का?

पेठेतला पोपट
तीच तर पंचाईत. आहे. चार सिटिंग झाल्या आणि जिना चढताना कमी दुखतं म्हणते, रात्री कुशीवर वळताना उठत नाही. पण तिथे लेझरनंतर वीस मिनिटं व्यायाम घेतात, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावतात, पाय सरळ उचलायला, खुर्चीतून हात न टेकता उठायला. ते ती घरीही करते, सकाळी रेडिओ लावून.

फिजिओ सातारकर
मग तो व्यायामाचा परिणाम. मांडीचा पुढचा स्नायू.

शंकासूर
किंवा माझा पांढरा कोट.

बारक्या नागपूर
किंवा रेडिओ 😄

पेठेतला पोपट
काउंटरवर जाऊन म्हटलं, उरलेल्या आठ सिटिंगचे ६,४०० झाले, लेझर नको, नुसता व्यायाम घ्या आणि तेवढ्याच पैशात जेवढ्या वेळा बसतील तेवढ्या घ्या. आधी पॅकेज फोडता येत नाही म्हणाले. स्टिकरचा फोटो दाखवला, ज्यूल म्हणजे काय ते विचारलं, तर आतून मॅडम आल्या. सोळा वेळा व्यायाम द्यायला तयार झाल्यात. लेखी मागितलंय, उद्या देतो म्हणाले.